मनुबाईचा प्रश्न

मनुबाईची हाक आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, दार लावून, पंखा चालू असतानाही ऐकू येते. गेली बावीस वर्षं ती कोलशेतच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून म्हावऱ्याची, मासळीची पाटी घेऊन येते. मी फार घासाघीस करायला लागलो की माझ्या बायकोला म्हणते, "वहिनी, उद्यापासून तुमीच खाली या. अण्णांना घरान ठेवा." मनुबाईच्या आवाजाची आम्ही इतकी थट्टा केली आहे, की आता ती थट्टा आठवली तरी मला खाली बघावंसं वाटतं.

मनुबाईच्या गावच्या खाडीखालून गॅसची पाइपलाइन गेली आहे. त्या गॅसच्या उत्पन्नातला थोडा हिस्सा काठावरच्या गावांच्या कामांना मिळतो, आणि ती कामं नीट होतात का हे बघायला एक देखरेख समिती आहे. महिलांच्या जागेवर गावाने मनुबाईला पाठवलं. मी सरकारी नोकरीतून निवृत्त, अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त लिहायला मला घेतलं. नियम चांगला होता. सभासदाचा प्रश्न इतिवृत्तात आला, की त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचा निधी थांबायचा. आणि वर्षातून एकदा ते इतिवृत्त गावासमोर वाचून दाखवायचं.

मागच्या बैठकीत अहवाल आला की होड्या लागायला नवा धक्का बांधून पूर्ण झाला. मनुबाई उठली.

"धक्का झाला बोलता, तं आमी पाटी घेऊन गुडघाभर चिखलान कशाला उतरताव? माजी सून वर्षाली तितंच पडली, पाय मोडला तिचा. कुटं हाय धक्का, मना दाखवा."

गॅस कंपनीचे साहेब माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, हे लिहिलंत तर सगळंच अडकेल. गावच्या नव्या दवाखान्याचंसुद्धा. मी बघतो ना धक्क्याचं. तुम्ही समजूतदार आहात."

मला कुणी पैसे दिले नाहीत. दिले असते तर निदान लोभी म्हणून तरी मोकळा झालो असतो. एका साहेबाने चारचौघांत मला समजूतदार म्हटलं, एवढ्यावर मी विकला गेलो. सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सर्व सभासदांनी कामाबद्दल समाधान व्यक्त केले. प्रश्न नाही.' मनुबाईला वाचता येत नाही. तिने खाली अंगठा दिला आणि घरी जाऊन साऱ्या आळीला सांगितलं, की धक्क्याचा प्रश्न आता अण्णांनी लिहून घेतलाय, आता उत्तर द्यावंच लागंल.

मार्चमध्ये वार्षिक वाचन गावच्या देवळासमोर झालं. तपासणीला सरकारकडून अक्षदा नावाची एक तरुण अधिकारी आली होती. मनुबाई नवं लुगडं नेसून पुढेच बसलेली, शेजारी काठी घेऊन वर्षाली. निधीचा पुढचा हप्ता सोडायचा की नाही, हे त्याच दिवशी ठरायचं होतं.

"माजा प्रश्न वाचा पयला," मनुबाई म्हणाली.

मी वही उघडली आणि पानं मागेपुढे करत राहिलो. शेवटी अक्षदाने वही माझ्या हातातून घेतली आणि तिनेच मोठ्याने वाचलं. समाधान व्यक्त केले. प्रश्न नाही.

मनुबाईने माझ्याकडे पाहिलं. 'तिने विचारलं होतं, मी लिहिलं नाही,' एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पलीकडे साहेब बसले होते. मी चष्मा काढून पुसू लागलो.

"विचारला होता का तुम्ही?" अक्षदाने तिला विचारलं.

मनुबाई गोंधळली. पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "विचारला व्हता. पन अण्णांनी लिवला नाय म्हंजी माजाच आवाज बारका पडला असंल. अण्णा तसं करायचे नाय."

सगळे हसले. मनुबाईचा आवाज आणि बारका! ती टोमणा मारतेय का, म्हणून मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच तसं समजत होती.

हप्ता सुटला. धक्क्याच्या जागी दगडांच्या दोन ओळी होत्या, त्या तशाच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "अण्णा, कोलबी हाय!" मी बायकोला खुणेने गप्प राहायला सांगितलं आणि दाराआड उभा राहिलो. मग मनुबाईला वाटलं असावं, की आपला आवाज हल्ली पोचत नाही. तिने घसा साफ केला आणि आधीपेक्षा मोठ्याने हाक मारली.