अहिराणी मिक्स

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा हातात आहे, मंडळी घरचीच आहेत, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो तिखटमीठ लावून सांगेल. मी लावणार नाही. गरजच नाही!

आधी माझी योग्यता सांगतो. मी निवृत्त कृषी सहायक. सटाण्याकडची तीस वर्षं नोकरी, गावही तिकडचंच. ढेकूळ बोटांत चुरून जमिनीची जात सांगणारा माणूस मी. आता नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून काय विद्या उतरते का?

तर आमची सून मृण्मयी. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून एक कुंडी घेऊन आली. मॉन्स्टेरा! हाताएवढी मोठी पानं आणि पानांना भोकंच भोकं. माझी बायको मंगल पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगंबाई, कीड लागली का गं?" पण मृण्मयीचा जीव त्या झाडात. हॉस्टेलला असताना एका काडीपासून वाढवलेलं. रोज ओल्या फडक्याने पानं पुसायची पोर.

तिला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस बंगळूरला जायचं होतं. मुलगाही सोबत निघाला. जाताना म्हणाली, "बाबा, याची मुळं कुंडीबाहेर यायला लागलीत. मोठ्या कुंडीत तुम्हीच लावा. तुमच्याशिवाय कुणावर सोडणार नाही मी."

छाती अशी फुगली म्हणून सांगू! सुनेने सासऱ्यावर टाकलेला पहिला विश्वास होता तो. म्हटलं, "तू बिनघोर जा."

दोन दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. मी स्वयंपाकघरात उभा. इकडे मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कूट, तिकडे कुकरची शिट्टी. त्या गदारोळात फोनचा स्पीकर लावला आणि ऐकलं, "बाबा, साधी माती घालू नका हं. अहिराणी मिक्सच घाला."

मी थक्क! पुन्हा ऐकावं असं मनातही आलं नाही. कान शाबूत असलेला माणूस एकदाच ऐकतो.

"मंगल, ऐकलंस? अहिराणी मिक्स! आपल्या अहिराणी बोलणाऱ्या बागलाणच्या मातीला बंगळूरपर्यंत नाव झालं!"

"ती काहीतरी 'आरॉइड' म्हणाली बहुतेक," मंगल कूट काढता काढता म्हणाली.

"तुला मिक्सरच्या आवाजात काय कळणार?" मी म्हणालो. मीही मिक्सरशेजारीच उभा होतो, हा मुद्दा तेव्हा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सटाणा. तिथे माझा चुलत भाऊ बापू शेती करतो. त्याच्या नुकत्याच कांदा काढलेल्या वाफ्यातली काळीभोर माती मी गोणीत भरायला घेतली. बापू कमरेवर हात ठेवून बघत होता.

"आप्पा, कसाले पाहिजे एवढी माटी?"

"सुनेच्या झाडाला. शहरात आता आपलं अहिराणी मिक्स चालतं."

"कुंडीमा? दगडनागत व्हई जाई. पानी निघाव नही."

"बापू, तू मला माती शिकवतोस? मला?"

बापूने गोणीचं तोंड धरलं. चांगला माणूस आहे तो. दोन घमेली शेणखतही दिलं वर.

घरी आलो, गॅलरीत पोतं अंथरलं आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने काम केलं. माती मुठीने अशी दाबून बसवली की भूकंपातही झाड हललं नसतं. वर बादलीभर पाणी.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण ज्ञान पोटात राहतं का? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'विदेशी झाडांसाठी अस्सल अहिराणी मिक्स. मार्गदर्शनासाठी भेटा.' संध्याकाळपर्यंत अर्धी गोणी संपली! समोरचे शेखभाई तर पातेलं घेऊनच आले. त्यांचा मनीप्लांट दरवाजाच्या चौकटीभर पसरलेला. तोही मी माझ्या हाताने दाबून बसवला.

चौथ्या दिवशी मॉन्स्टेराचं एक पान पिवळं पडलं. आठव्या दिवशी तीन. शेखभाईंनी बेल वाजवली.

"साहेब, मनीप्लांट एकदम माना टाकून बसलाय ओ. बीवी मला बोलतेय, चांगल्या झाडाला कशाला हात लावायचा?"

"जुनी पानं टाकतोय, शेखभाई. आतून ताकद घेतोय. पाणी वाढवा!"

त्यांनी वाढवलं. मीही वाढवलं. खोटं कशाला बोलू, मॉन्स्टेराकडे बघायचं मी टाळायला लागलो. पण तोंडावरचा रुबाब मी ढळू दिला नाही.

ट्रेनिंगचे पंधरा दिवस संपले आणि मृण्मयी आली. चपला काढल्या आणि थेट गॅलरीत. नेमके तेव्हाच शेखभाईही आपली कुंडी घेऊन हजर. तिने झाडाला हात लावला तर खोड बोटांत मऊ! मातीत बोट खुपसायला गेली, तर वर कडक पापुद्रा आणि खाली चिखल.

"बाबा… ही माती कसली?"

"तूच सांगितलेली. अहिराणी मिक्स."

"काय मिक्स?"

तिने फोन काढला आणि मेसेज लावला. या वेळी मिक्सर नव्हता, कुकर नव्हता. सगळ्या गॅलरीला स्वच्छ ऐकू आलं, "बाबा, साधी माती घालू नका हं. ॲरॉइड मिक्सच घाला. कपाटात पिशवी ठेवलीय."

हे शेवटचं वाक्य तेव्हा कुकरच्या शिट्टीत गेलं होतं. पिशवीसुद्धा ठेवलेली होती हो! नारळाचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे आणि पर्लाइटचे पांढरे दाणे. मंगलने ते साबुदाणा नाही ना, म्हणून दोनदा हुंगूनही पाहिले होते.

"ॲरॉइड म्हणजे अळूच्या कुळातली झाडं, बाबा."

मला एकदम बळ आलं. "मग बरोबरच की! अळू चिखलातच येतो."

"हे झाडावर चढणारं अळू आहे. याच्या मुळांना हवा लागते." आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मात्र मी खरंच ओशाळलो. माफी मागितली, सगळ्यांसमोर.

तिने कुजका भाग कापला. खोडाची वरची एक गाठ हिरवी निघाली, ती पाण्याच्या बरणीत ठेवली. शेखभाईंच्याही तीन काड्या वाचवल्या. मी तोवर धीर यावा म्हणून बापूला फोन लावला. तो पोटभर हसला.

"आप्पा, डाळिंबना टाइमले तूच आम्हले शिकाडं ना? भारी जमीनमा लावू नका, मुयास्ले हवा लागस!"

खरं होतं. तीस वर्षं हेच भाषण दिलं मी. गावोगाव!

त्या गाठीला आता मुळं फुटलीत, एक नवं पानही आलंय. लावलं मृण्मयीने, पिशवीतल्या मिक्समध्ये. मला फक्त कुंडी धरायला दिली होती. ती मात्र मी उत्तम धरली.

आणि माझी काळ्या मातीची कुंडी? ती तिने टाकू दिली नाही. बापूच्या वाफ्यातला एक चुकार कांदा त्यात राहून गेला होता, तो तरारून आलाय. घरी कुणी आलं की मृण्मयी त्यांना गॅलरीत नेते, ती हिरवीगार पात दाखवते आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते, "हा आमच्या बाबांचा मॉन्स्टेरा."