चापाला लावलेलं कुंकू

दसऱ्याचे झेंडू बाजारात आले, की ती घटना अजूनही माझ्यासमोर उभी राहते. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या दारावरचं तोरण अजून ताजं होतं, आणि पोलीस पाटलांचा फोन आला. "सायब, थोरल्यान धाकट्याक गोळी घातल्यान. बेगीन येवा!"

दोघे सख्खे भाऊ, वाटण्या झालेले. मध्ये काजूच्या बागेचा बांध. आम्ही पोचलो तेव्हा धाकट्याला दवाखान्यात हलवलं होतं, तिथून पुढे गोव्याला नेलं. गोळी मांडीतून आरपार गेली होती. थोरला डोकं धरून बांधावर बसलेला, शेजारी त्याची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची नवी कोरी रायफल. पंचनामा करून ती जप्त केली.

गावात साक्षीदार मिळत नाहीत ही आमची नेहमीची रड. त्या दिवशी मात्र रांग लागली. आदल्या संध्याकाळी बांधावरून भांडण झालं होतं आणि "तुका बघून घेतंय" हे थोरल्याचे शब्द अर्ध्या वाडीने ऐकले होते. धाकट्याच्या बायकोने फिर्याद दिली. "माझ्या घोवाक ठार मारूक बघल्यान. तेका सोडू नकात, सायब!" खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून थोरल्याला अटक केली.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "बागेत वांदर इले म्हणून काडतूस भरलंय. धाकटो बांधार येवन उभो रवलो. बोल्ट पुढे लोटलंय आणि बार झालो. चापाक बोट लावूक नाय, सायब."

बोल्ट म्हणजे काडतूस नळीत लोटून बसवणारा मागचा दांडा. बंदूक आपोआप सुटली, हे वाक्य माझ्या नोकरीत इतक्या जणांनी ऐकवलं होतं, की माझा कान त्याला निर्ढावला होता. पण खोटं बोलणारा दर वेळी कहाणीला नवी झालर लावतो. हा गडी तेवढंच सांगायचा आणि मध्येच विचारायचा, "तो जगतलो ना?"

शेवटी मी चहा मागवला आणि त्याला बंदुकीबद्दलच बोलतं केलं. वडिलांची जुनी एकनळी होती म्हणाला. तिचा चाप इतका घट्ट, की ओढताना हात दुखायचा. मला हसू आलं. प्रशिक्षणात आम्हाला मिळालेल्या जुन्या रायफलींचं हेच होतं. नेम धरावा, चाप ओढत राहावं आणि बार होईपर्यंत नेम हलून जावा! उस्तादांच्या शिव्या वेगळ्याच. पण ते जुने चाप राकट होते. धूळ, गंज, पावसाळा, सगळं पचवायचे. नव्या रायफलींचे चाप हलके, गुळगुळीत, आतले भाग एकमेकांना चिकटून बसवलेले. चालवायला सुख, पण आत कचरा गेलेला त्यांना मुळीच खपत नाही.

"रायफलीची निगा कशी ठेवता?" मी सहज विचारलं.

"बापाशीन शिकवल्यान तशीच. खंडेनवमीक खोबरेल तेल सोडलंय, हळद-कुंकू लावलंय, अक्षता वायलंय."

"कुठे लावलं?"

"चापाक. बंदुकेचो जीव थंयच ना?" तो अभिमानाने म्हणाला.

माझा चहा तसाच राहिला. रायफल सीलबंद होती, ती उघडणं माझं काम नव्हतं. प्रयोगशाळेला आम्ही ठरावीक प्रश्न विचारतो: शस्त्र चालू आहे का, गोळी त्यातूनच सुटली का. या वेळी मी आणखी एक घातला. चाप न ओढता ही रायफल सुटू शकते का?

दरम्यान धाकटा शुद्धीवर आला. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. भावाचा हात कुठे होता, एवढंच विचारलं.

"मागच्या बोल्टार. दुसरो नळीखाली." मग तो आपणहून म्हणाला, "भांडलाव ता खरा, सायब. पण बार झालो तेवा माझ्यापेक्षा तोच मोठ्यान आराडलो."

मग अहवाल आला. तेल आणि हळद-कुंकवाचा लगदा चापाच्या सांध्यात घट्ट झाला होता, आणि त्यात तांदळाचा एक दाणा. कुंकू लावताना दाबला गेलेला चाप मागेच अडकून राहिला होता. अशा स्थितीत बोल्ट बंद करताच गोळी सुटते, असं तज्ज्ञांनी चाचणी घेऊन लिहिलं होतं. बढती मिळाली तेव्हाही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं. एका भावाला दुसऱ्याचा मारेकरी ठरवून मी तुरुंगात पाठवणार होतो, ते टळलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम गेलं. भरलेली नळी माणसाच्या दिशेने धरल्याचा निष्काळजीपणा राहिला, तो राहायलाच हवा होता. परवानाही निलंबित झाला.

कुणी मारलं, हे विचारायची आम्हा पोलिसांना घाई असते. या प्रकरणापासून मी हत्यारालाही जबाब विचारू लागलो. आणि आमच्या ठाण्यातल्या शस्त्रपूजेत कुंकू फक्त लाकडी दस्त्याला लागू लागलं.

पुढच्या दसऱ्याला बंदोबस्तावरून परतताना त्या वाडीत थांबलो. थोरल्याच्या पडवीत पाटावर कोयता आणि पहार मांडली होती. बोटावर कुंकू घेऊन तो घुटमळत बसला होता. तेवढ्यात धाकटा लंगडत बांध ओलांडून आला, भावाच्या हातात सोनं ठेवलं आणि पाटाकडे बघून हसला.

"लाव रे दादा, होया तेवढा लाव. कोयतो काय सुटूचो नाय!"