मोतिया रेशमाची शिवण

गल्लीतल्या बायका तिला मास्तरीणबाई म्हणत, कारण माप घेताना ती कुणाला पोट आत ओढू द्यायची नाही. "श्वास सोडा," ती दटावायची, "कपडा तुम्हाला घालायचाय, आरशाला नाही."

तिला ल्युपस होता, म्हणजे आपलंच शरीर आपल्यावर उठतं तो आजार. तिच्या बाबतीत रक्त नको तिथे गोठायचं. दोन मुलं त्यापायी पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला रोज पोटाला इंजेक्शनं टोचून घेतली, तेव्हा कुठे मुलगी पदरात पडली. पुढे एकदा पोटरीत गुठळी झाली आणि रक्त पातळ करणारी गोळी जन्माची मागे लागली. नवरा रोज जेवण झालं की गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा. "माझ्याआधी ह्या गोळीचा मान," म्हणायचा.

मुलीचं लग्न ठरलं. लग्नाचा पोशाख दुसऱ्या कुणी शिवायचा म्हणजे हिच्या जिवंतपणाला काय अर्थ? मुलीने मोतिया रेशीम पसंत केलं. पण गोळीमुळे सुई जरा टोचली की बोट गळतच राही. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो, हे शिंपीकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. रेशमावर मात्र थुंकीचाही वण उठतो. पहिली बाही अशीच वाया गेली.

मग तिने गोळी बंद केली. नवऱ्याची पाठ वळली की ती बटणांच्या डब्यात टाकायची. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण नाहीच म्हणणार, त्या माणसाला विचारतं कोण? 'पोशाख झाला की पुन्हा सुरू करू.' आता रक्त पटकन थांबायचं, आणि वेडी त्यावर खूश होती.

शेवटचं बटण राहिलं होतं. ती उठायला गेली आणि उजव्या हातातली कात्री पडली. उचलायला वाकली तर हात हलेना. नवऱ्याला हाक मारली, तीही अर्धवटच निघाली.

"मेंदूत गुठळी आहे," हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. "गोळी चालू होती ना?"

"एकही दिवस चुकली नाही. मी माझ्या हाताने देतो," नवरा म्हणाला. ती ऐकत होती. खरं सांगायला जीभ वळत नव्हती, आणि वळली असती तरी धीर झाला नसता.

ती घरी आली तेव्हा गोळी पुन्हा सुरू झाली होती, पण उजव्या हाताला स्पर्शही कळत नव्हता. मुलीने राहिलेल्या बटणासाठी डबा उपडा केला. बटणांबरोबर गोळ्या घरंगळल्या. मुलीने एक उचलून पाहिली. बाबा रोज आईच्या हातावर ठेवायचे, तीच.

"आई, ह्या पोशाखासाठी?"

आईने होकाराची मान हलवली.

"मी काहीही घातलं असतं गं. काहीही."

मग मुलगी डोळे पुसून सुई ओवायला बसली. कापड सरकू नये म्हणून आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि रेशमावर ठेवला. निदान वजन म्हणून तरी उपयोगी पडू दे. मुलगी टाके घालू लागली. शिकवलं होतं तसे, बारीक. आई ते कौतुकाने बघत होती.

एकाएकी मुलीचा हात थांबला, चेहरा पांढराफटक पडला. आईने खाली पाहिलं. सुई तिच्या स्वतःच्याच उजव्या हाताच्या बोटात गेली होती, रेशमावर लाल डाग पसरत चालला होता, आणि तिला काहीच कळलं नव्हतं.