सांबारवडीची परीक्षा

"सांबारवडी कशी करायची, सांग वं."

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या बगिच्यात कोणी पोटुशी बाई चालताना दिसली की सिस्टर तिच्या कोपरात हात घालायच्या आणि हे विचारायच्या. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. ती निवडण्यापासून वडी तळेपर्यंतची कृती चालता चालता सांगता आली, तर चाल बरोबर. मध्येच धाप लागली, तर वेग कमी. धंतोलीच्या एका प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या या बाईंना वडीत काडीचा रस नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. मी दोनदा कृती लिहून घेतली होती.

पण हा माझा मोठा मूर्खपणा नव्हे. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हाचा मोठा. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि तेव्हा ती रोज चालायची. या वेळी डॉक्टरीणबाईंनी तपासून आम्हा दोघांना स्पष्ट सांगितलं, सगळं ठीक आहे, चालत राहा. मी मान डोलावली, घरी आलो आणि तिचे बूट कूलरमध्ये लपवले. डिसेंबरात नागपुरात कूलरकडे बघतो कोण?

बायकोनं फारसे शोधलेही नाहीत. मला वाटलं, युक्ती जमली.

आठवड्यानं सिस्टर घरी आल्या. चालायला का येत नाही म्हणून विचारलं, तर बायको म्हणाली, बूट सापडत नाहीत. सिस्टरनी माझी नजर कुठे जाते ते एकदा पाहिलं आणि सरळ खिडकीतल्या कूलरकडे गेल्या. जन्मभर नवरेच तर पाहिले होते त्यांनी.

"काहून गा, बूट गारव्याले ठेवले का?"

मी म्हणालो, मागच्या वेळी ती रोज चालत होती... बायको खाली बघत होती. बूट तिनं का शोधले नाहीत, ते मला तेव्हा कळलं. वर्षभर ती स्वतःलाच दोष देत होती.

सिस्टर बूट घेऊन तिच्यासमोर बसल्या. "तुह्या चालण्यानं नाही गेलं वं ते. इतक्या लवकर जाते, ते बहुतेक आतच नीट जमलेलं नसते. तूनं काही नाही केलं."

बायको पोटभर रडली. मग तिनं बूट घातले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं. पाण्याची बाटली माझ्याकडे. रक्त दिसलं, पोटात दुखलं, चक्कर आली, तर थांबायचं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे, हे सिस्टरनी माझ्याकडूनही पाठ करून घेतलं. पहिल्याच फेरीत बायको वडी तळून कढीलाही फोडणी देऊन मोकळी झाली. मी सांबार निवडतानाच बसलो.

"तुहीच तब्येत पाहा लागते गा," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात मीच सिस्टरना खोडसाळपणे विचारलं, सांबारवडी कशी करायची? त्यांनी सुरुवात केली, खसखस-खोबऱ्यापर्यंत आल्या आणि बाकावर टेकल्या. बायकोनं पाणी दिलं, शेजारी बसून उरलेली कृती सांगितली. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आच मंद ठेव वं."

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या.

परवा बगिच्यात एक नवी सून एकटीच चालताना दिसली, सहावा-सातवा असेल. बायको माझा हात सोडून तिच्याकडे गेली आणि तिच्या कोपरात हात घातला. मी मागे राहिलो. नाहीतरी मला धाप लागलीच होती.