सिद्धाप्पा जिवंत असल्याची सूचना

गुरु हिप्परगे माझ्याकडे कामाला आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, की तो मोठा निवेदक होणार आहे. मी विचारलं, ते होशील रे, पण रिक्षा चालवता येते का?

येत होती. म्हणून ठेवला.

आमच्या ह्यांनी, म्हणजे हिंदुरावांनी, सोलापुरात साऊंड सर्व्हिसचं दुकान काढलं होतं. ते गेल्यावर सगळ्या भाऊबंदांना वाटलं, आता बाई सामान विकून माहेरी जाणार. मी गेले नाही. टपावर दोन कर्णे बांधलेली रिक्षा गल्लोगल्ली फिरवायची आणि लोकांची सूचना गावाला ऐकवायची, हा आमचा मुख्य धंदा. साड्यांचा सेल, नळाला पाणी येणार नाही, डोळे तपासणी शिबिर, आणि कुणी वारलं तर ते. ह्यात कलाबिला काही नसते. घसा लागतो.

गुरु कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचा. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि माईक हातात आला की तिसरीच एक भाषा, जी भूतलावर कुठेही बोलली जात नाही. ती त्याने मोबाईलवरून शिकलेली. जुन्या रेडिओवाल्यांचे आवाज आणि माहितीपट, हेच त्याचं खाणंपिणं. त्याच्या वयाची पोरं मोबाईलवर काय बघतात ते मला ठाऊक आहे, त्यामानाने हा सुधारलेलाच म्हणायचा. पण जेवताना भाकरीचा घास हातात धरून तो ऐकत बसायचा आणि आमटी गार व्हायची. आमटीचा मला राग यायचा.

"काकू, हे बगा," एकदा त्याने मला जंगलातला माहितीपट दाखवला. "सिंहानं हरणाला धरलं, तरी हा बोलनारा मानूस वरडला का? न्हाय. उलट आवाज खाली आनला. मग थांबला. ही थांबायची जागा असती बगा, काकू. तितं ऐकनाऱ्याच्या पोटात कालवतं."

मी म्हटलं, "हरणाला सोडवायचं सोडून बोलत काय बसलाय तो?"

गुरुने मोबाईल बंद केला. माझ्याशी ह्या विषयावर बोलण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत झालं. ते बरोबर होतं.

पण त्याने ते सगळं माझ्या रिक्षेत आणलं. चादरींच्या सेलची सूचना होती. नवीपेठेतून रिक्षा निघाली आणि गुरुने आवाज खाली आणला. "आज..." मग थांबला. "सोलापुरात..." मग पुन्हा थांबला. एक म्हातारी बाई ओट्यावरून उतरून खाली आली आणि पदर डोक्यावर घेऊन विचारू लागली, "कोण गेलं रे बाबा?" चादरवाल्याने त्याच संध्याकाळी दुसरी रिक्षा लावली.

मी गुरुला फैलावर घेतलं. तो म्हणाला, लोकांना सवय व्हायला वेळ लागेल. लोकांना सवय झाली, पण भलतीच. कुणाच्या तरी वडिलांची निधनाची सूचना त्याने सांगितली आणि अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. पुढच्या आठवड्यात दोन घरांतून माणसं आली. म्हणाली, गुरुच पाहिजे. त्यानंतर शहरात आणि आसपासच्या गावांत मयत झाली की गुरु, हे ठरूनच गेलं. माझा धंदा वाढला हे मी नाकारत नाही.

गुरुचं मात्र वाटोळं झालं. लग्नात त्याला लोक बोलवायचे, पण बोलू द्यायचे नाहीत. एका गल्लीत तो भाजीवाल्याशी साधी कोथिंबिरीची चौकशी करत होता, तर वरच्या मजल्यावरून बाई ओरडली, "अरे इथं सून बाळंत व्हायलीय, पुढं जा!" त्याचा आवाज ऐकला की लोक नाव तेवढं ऐकायचे आणि निघायचे. पुढचं कुणी ऐकत नसे. मेलेला माणूस कोण होता, गिरणीत किती राबला, हे सगळं गुरु घरच्यांना विचारून घ्यायचा, घोळवून घोळवून सांगायचा, आणि तोवर गल्ली मोकळी झालेली असायची.

"काकू, लोकांनी माजं शेवटपर्यंत ऐकलं पायजे," तो म्हणायचा. "एकदा तरी." पुण्यात माहितीपट बनवणारी एक मंडळी होती. त्यांना निवेदक हवा होता. आपल्या भागातल्या एखाद्या माणसावर छोटा माहितीपट करून पाठवा, असं त्यांनी सांगितलं होतं. गुरुने यंत्रमागावर एक करून पाठवला. उत्तर आलं, की आवाज छान आहे, पण ह्यात माणूस कुठे आहे? दोन दिवस तो जेवला नाही. मला वाईट वाटलं. मी त्याला मुद्दाम शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणून दिली, तर तीही तशीच ठेवली. तेव्हा मला राग आला.

अशात जवळच्या कुंभारी गावाहून सिद्धाप्पा कलशेट्टी आले. गिरणीत आयुष्य काढलेले, सत्तरी ओलांडलेले, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मयताची सूचना करायचीय."

गुरुने आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"मी," सिद्धाप्पा म्हणाले. "अजून न्हाय गेलो. पन जानार की कवातरी. माज्या वेळंला नाव चुकाय नको, म्हनून आधीच सांगाय आलोय."

आमच्याकडे ही गोष्ट चेष्टेची नाही. निधनाच्या सूचनेत मागे राहिलेल्यांची नावं घेतात. मुलगे, सुना, लेकी, जावई, भाऊ. एखादं नाव राहिलं, की त्या माणसाला अख्ख्या गावादेखत घरातून काढल्यासारखं होतं. सिद्धाप्पांची आई वारली तेव्हा गडबडीत त्यांनी धाकट्या भावाचं, ईश्वरप्पाचं, नाव रिक्षावाल्याला सांगितलंच नाही. तो रिक्षावाला आमचा नव्हता, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. ईश्वरप्पाला वाटलं, अण्णाने मुद्दाम वगळलं. तेव्हापासून बोलणं बंद. दोघेही कुंभारीतच, दोन गल्ल्या सोडून. एकाच किराणा दुकानात जायचे आणि एक आत असला की दुसरा बाहेर उभा राहायचा.

"सांगितलं न्हाय का त्यास्नी, की इसरलो म्हनून?" गुरुने विचारलं.

"सांगाय गेलो. दार लावलं."

मग गुरुने एक शहाणपण केलं. तो गप्प बसला. सिद्धाप्पा आपणहून म्हणाले, "आता मी मेल्यावर तू त्याचं नाव पहिलं घेशील. त्याला ऐकू येईल. पन त्यानं ऐकलं, हे मला कुटं कळनार?"

गुरु म्हणाला, "मग आत्ताच घेऊ या की."

मी म्हटलं, जिवंत माणसाची कसली सूचना करतोस? गुरु म्हणाला, जिवंत असल्याचीच करायची. सिद्धाप्पा लई खूश झाले. ह्या दोघांच्या नादाला लागून माझी रिक्षा कुठल्या तरी भानगडीत जाणार, हे मला दिसत होतं, म्हणून मी स्वतः मागे बसून गेले.

कुंभारीत शिरल्यावर गुरुने मोबाईल पुढच्या काचेला लावून चालू केला, पुण्याच्या लोकांसाठी. मग माईक घेतला. मी त्याला बजावलं होतं, सरळ सांग. पण सवय कुठे जाते?

"कुंभारी येथील रहिवासी, निवृत्त गिरणी कामगार, श्री. सिद्धाप्पा कलशेट्टी..." आणि तो थांबला. ती त्याची पोटात कालवायची जागा होती.

त्या जागेत अख्खी गल्ली हलली. एकाने दुकानाचं शटर खाली ओढलं. एका बाईने गॅस बंद केल्याचं मला खिडकीतून दिसलं. "...हे जिवंत आहेत," गुरु म्हणाला, "त्यांचे बंधू ईश्वरप्पा व सर्व नातेवाईकांनी त्यांना आजच भेटावे." पण ऐकायला कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. गुरुच्या आवाजात नाव आलं म्हणजे माणूस गेला, पुढे काय ऐकायचं? मी मागून ओरडत होते, "अरे जित्ता हाय, जित्ता हाय!" एकाने मला हात जोडले.

आम्ही सिद्धाप्पांच्या दारात पोचलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. भजनाचे टाळसुद्धा आले होते. बायकांनी बाहेरूनच गळा काढला होता. आत सिद्धाप्पा धुतलेलं धोतर नेसून बाजेवर चहा पीत बसलेले. पहिली बाई आत गेली आणि तिचं रडणं मधेच तुटलं. बाकीच्यांना कळेना, ही गप्प का झाली, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला.

मग ईश्वरप्पा आला. अनवाणी. हातात हार. "अण्णा, अण्णा" करत गर्दीतून आत घुसला आणि बाजेपुढे थबकला.

"जित्ता हाईस व्हय?"

"हाय की," सिद्धाप्पा म्हणाले. "आईच्या वेळंला तुजं नाव घ्याचं ऱ्हायलं हुतं. आज घ्याय लावलं."

ईश्वरप्पाने मराठीत आणि कन्नडमध्ये मिळून ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथे लिहीत नाही. टाळवालेसुद्धा बाजूला झाले. शिव्या संपल्यावर तो म्हणाला, "आता ह्या हाराचं काय करू?"

"आनलाईस तर घाल की."

त्याने घातला. मग तिथेच बाजेच्या पायाशी बसून तो म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, तिथे सगळेच रडत होते. तेवढ्या माणसांचा चहा करता करता कलशेट्टींची सून मात्र मेटाकुटीला आली.

गुरुने हे सगळं टिपलं आणि पुण्याला पाठवलं. त्यांनी कळवलं, पुढच्या महिन्यापासून या.

ह्यानंतर गुरुचं जे फुगणं सुरू झालं, ते विचारू नका. गोष्ट सगळीकडे पसरली. लोक गुरुला आनंदाच्या सूचना देऊ लागले. कुणाच्या आज्याचा मोतीबिंदू काढला, कुणाचा बाप दवाखान्यातून चालत घरी आला. गुरु नाव घ्यायचा, थांबायचा, आणि लोक जागचे न हलता हसत वाट बघायचे, आता हा काय सांगतो. "काकू, शेवटपर्यंत ऐकत्यात!" तो रोज संध्याकाळी मला सांगायचा. मी म्हणायचे, कळलं, कर्णे पूस.

त्याला पुण्याला जायला आठवडा राहिला होता, तेव्हा सिद्धाप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. खरोखर लिंगैक्य झाले. सून फोनवर बोलता बोलता थांबत होती. ती थांबायची जागा नव्हती, तिला बोलवतच नव्हतं.

मी पुन्हा मागे बसले. गुरुने कुंभारीच्या पहिल्या गल्लीत माईक घेतला. "श्री. सिद्धाप्पा कलशेट्टी..." तो थांबला.

लोक दारात आले. हसत आले.

"...यांना आज दुपारी देवाज्ञा झाली आहे."

"म्हाताऱ्याला परत चहा पाजायचाय वाटतं!" एकजण म्हणाला. किराणावाल्याने हात केला, "सांग त्यास्नी, दुकान बंद करून येतो सांजंला." गुरुने पुन्हा सांगितलं. आवाज आणखी खाली आणला. तो जितका खाली आणी, तितके लोक जास्त हसत. मी उतरून एकेकाला सांगू लागले, खरं आहे, अहो खरंच गेले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, काकू, मागच्या वेळेलाबी तुमीच वरडत हुता. तिसऱ्या गल्लीत गुरुचा आवाज फुटला. त्यावरही एकाने टाळी वाजवली.

त्याने रिक्षा बाजूला घेतली. तिकडे लिंगायतांच्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला बसवून ठेवलं होतं आणि घरात चार माणसं होती. आयुष्यभर ह्याच गावात राहिलेल्या माणसाच्या मयतीला चार माणसं! गुरु माईककडे बघत बसला होता.

ईश्वरप्पा कोपऱ्यावरून चालत आला. लोक खरं मानत नाहीत, हे कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो पुढे गुरुच्या शेजारी, अर्ध्या सीटवर बसला आणि हात पुढे केला. गुरुने माईक दिला. ईश्वरप्पाने तो ओठांना इतका चिकटवून धरला, की कर्णे केकाटले. गुरुने त्याचं मनगट धरून माईक जरा लांब केला.

"मी ईश्वरप्पा," तो म्हणाला. "सिद्धाप्पाचा भाऊ. नम्मण्णा होद्रु. माजा अण्णा गेला. ह्या वेळंला खरं हाय. या."

ना आवाज खाली, ना वर. कुठे थांबलाही नाही. धाप लागल्यासारखं एका दमात बोलला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केलं. ओट्यावरची माणसं उठली. किराणावाला दुकान तसंच उघडं टाकून पायात चप्पल न घालता निघाला. बायका पदर सावरत घरातून बाहेर पडल्या आणि ह्या वेळेला कुणी मोठ्याने रडत नव्हतं.

गुरु हँडल धरून हमसून हमसून रडत होता. रिक्षा जागेवरच घरघरत उभी.

ईश्वरप्पाने माईक खाली केला. "रडू नको," तो म्हणाला. "चालीव. म्होरली गल्ली ऱ्हायलीय."