रुक्कूच्या गालावरचा डाग

रुक्कू गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकापाशी तिच्यासाठी शहाळं फोडून घेत होतो. मुलीचा फोन आला, "अप्पा, वर या." आवाजावरूनच कळलं... शहाळं तिथेच गाडीवर राहिलं. दीड महिना झाला. शाळा माझी पाचवीपर्यंत, लिहायची सवय नाही; पण माझ्या धाकट्या बहिणीबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं मला चालणार नाही.

अठराव्या वर्षी तिचं नाक टोचलं. वर्षभरात मूक्कुत्तीच्या, म्हणजे नाकातल्या चमकीच्या, बाजूला मसुरीएवढा लाल डाग उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता, नुसता वाढत होता. आमच्या घरात अशा वेळी दोष सोन्याला देतात. मी आसारीच्या, म्हणजे आमच्या सोनाराच्या, दुकानात जाऊन ओरडलो, "तांबं किती घातलंस?" तो शांतपणे म्हणाला, "सामी, तुमच्याच आजीची पाटली वितळवली. तांब्याचं आजीला विचारा." तरी मी तीनदा सोनं बदललं. डाग गालावर उतरला. तिला बघायला पाहुणे यायचे, पुढे निरोप यायचा नाही. लोक म्हणत, सरकारी दवाखान्यात दाखवा. मी दाखवलं नाही. खरं सांगतो, महारोग निघेल अशी भीती होती... त्यापेक्षा न विचारलेलं बरं. अशी चाळीस वर्षं गेली.

शेवटी मुलीनेच, मला न विचारता, तिला चामडीच्या डॉक्टरणीकडे नेलं. मी मागून गेलो, भांडायलाच. डॉक्टरणीने काचेची पट्टी डागावर दाबली. लाली गेली आणि खाली गुळाच्या पाकासारखे पिवळट ठिपके दिसले. मग बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा क्षय निघाला.

"आमच्या घरात कोणी खोकतसुद्धा नाही!" मी म्हणालो.

"खोकला नसला तरी होतो, तात्ता. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही." डॉक्टरणी मला तात्ता म्हणजे आजोबा आणि रुक्कूला पाट्टी म्हणजे आजी म्हणायची.

रुक्कूने विचारलं, "मी तरुण होते तेव्हा होत्या या गोळ्या?"

"होत्या, पाट्टी."

परतताना बस ओरत्तनाडु गावात आली. तेव्हा रुक्कू म्हणाली, "अण्णा, सोनं चांगलंच होतं की."

गोळ्या मी रोज समोर बसून गिळायला लावल्या. डाग बसला, पांढरा वण राहिला. दोन वर्षांनी त्याच वणात जखम उघडली, ती मिटेना. या वेळी मी दुसऱ्याच सकाळी तिला घेऊन गेलो. डॉक्टरणी म्हणाली, जुन्या वणात कॅन्सर उठलाय. डाग फार वर्षं तसाच राहिला की कधी कधी असं होतं. फार वर्षं... बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

तेराव्याला हार घालायला फोटो शोधला. लग्नांचे, बारशांचे पुष्कळ. प्रत्येकात रुक्कू भिंतीकडे वळलेली. मीच म्हणायचो, "रुक्के, तिकडे बघ." सबंध चेहरा एकातच मिळाला, डॉक्टरणीने औषधाआधी नोंदीसाठी काढलेला, समोरून, डागासकट. मुलगी म्हणाली, "हा नको अप्पा, सगळं दिसतं." मी तोच मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय. भेटायला येणारे नजर खाली घालतात. मी म्हणतो, "इकडे बघा."