वाटेत भेटलेली बाई

आमच्या गल्लीत तिला खऱ्या नावानं कोणीच हाक मारत नसे. शाळेची बस चालवायची म्हणून मुलं बसताई म्हणायची, मुलांचं ऐकून आम्ही आयाही म्हणायला लागलो, आणि पुढे पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून "म्हणजे बसताईच ना?" असं विचारून पाकीट द्यायचा. माझ्या दोन्ही मुली तिच्याच बसनं शाळेत गेल्या. धाकटी रडूबाई होती. बसताई तिला इंजिनाशेजारी बसवायची आणि प्रत्येक वळणाला तिची परवानगी मागायची. वळवू का गं? मग रडणं राहायचं बाजूलाच.

आई गेली तेव्हा बसताई कॉलेजात होती आणि तिची बहीण दुधाचे दात पडायच्या वयात. वडील मालट्रक चालवायचे, घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. बसताईनं कॉलेज सोडलं, वडिलांकडूनच मोठी गाडी शिकली आणि शाळेत नोकरी धरली, कारण बसची वेळ आणि बहिणीच्या वर्गाची वेळ एकच होती. वेण्या घालणं, डबा भरणं, तापात उशाशी बसणं, सगळं तिनंच केलं. कोणी लग्नाचं काढलं की म्हणायची, एक लेकरू पदरात आहेच की. वडील गेल्यावर तर दोघींना दोघीच उरल्या.

बहीण हुशार, बोलकी. बँकेत लागली, लग्न करून गेली. ते लग्न काही वर्षांत मोडलं आणि ती पुन्हा बसताईकडे राहायला आली. त्यानंतर कितीतरी महिने ती खिडकीपाशी नुसती बसून असायची. नोकरी सोडली, बोलणं सोडलं. बसताई ताट नेऊन ठेवायची आणि तसंच उचलून आणायची.

त्याच सुमारास शाळेनं जुनी मिनीबस विकायला काढली. बसताईनंच ती वर्षानुवर्षं चालवली होती; तिच्या गिअरचा हट्टीपणा तिला माहीत होता. तिनं ती विकत घेतली आणि वेळेआधीच निवृत्ती मागितली. मी विचारलं, अगं, करणार काय त्या धुडाचं? ती म्हणाली, "हिला घरातून बाहेर काढायचंय ना, मग घरच बाहेर काढते."

पुढचं वर्षभर गल्लीच्या टोकाला तोच उद्योग. सीटांचे बोल्ट गंजून बसले होते, वेल्डरला बोलावून कापावे लागले. सीटांखाली वाळलेलं च्युइंगम, केसांच्या पिना, खोडरबराचे तुकडे असा सगळा बालखजिना निघाला. भिंतींना आधी फोम, वरून पातळ फळ्या. मागे पलंग, त्याच्या झाकणाखाली जॅक, पाने आणि दोन जादा टायर. मध्ये ओटा, बेसिन, खाली पाण्याची टाकी. टपावर सौर पॅनेल. बहीण आधी खिडकीतून बघायची. मग खाली येऊन टेपचं दुसरं टोक धरायला लागली. मग पडद्याचं कापड तिनं निवडलं. बसताईनं ओटा स्वतःच्या उंचीनं करून घेतला होता. पहिल्यांदा कांदा चिरताना बहिणीला टाचा उचलाव्या लागल्या आणि ती हसली. बसताईनं धावत येऊन मला सांगितलं, हसली गं ती, मी पाहिलं.

निघाल्या त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी आम्ही सगळे जमलो होतो. कुठवर जाणार, असं कोणीतरी विचारलं. बसताई म्हणाली, रस्ता आहे तिथवर; समुद्र आला तर बोट.

पुढचं सगळं तिनं मला परत आल्यावर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

पहिले काही महिने सुखाचे गेले. घाट, वाळवंट, मैलोन् मैल माणूस न दिसणारी माळरानं. सरहद्दीवरचे शिपाई ड्रायव्हर कुठे आहे म्हणून बसमध्ये डोकावायचे आणि बसताई हात वर करायची. गाडी ती चालवायची, कारण अवजड गाडीचा परवाना तिचाच. माणसांशी बोलायचं काम बहिणीचं. सकाळी उठून बसताई ऑइल बघायची, पाणी बघायची, टायरांना लाथ घालून हवा जोखायची, आणि बहीण फोनवर चित्रण करायची. रोज करायची. बसताईकडे बटणांचा फोन होता. त्या व्हिडिओंचं पुढं काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याशी का होईना, बोलतेय ना, एवढंच तिला पुरे होतं. चित्रण चाललं की बहीण म्हणायची, ताई, जरा खाली वाक, आरशात दिसतेस. बसताई वाकायची. कधी म्हणायची, नुसते हात दिसू देत, हात छान दिसतात. बसताईला त्याचं हसू यायचं. ग्रीस लागलेल्या हातांचं एवढं कौतुक तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

एका तळ्याकाठी गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. तिथं त्यांची भाषा बोलणारं एक जोडपं भेटलं, तेही स्वतःच्या गाडीतून फिरणारं. नवरा दंतवैद्य होता, बायको शिक्षिका. शिक्षिका बहिणीला बघून जवळजवळ पळतच आली.

"तुम्ही त्याच ना? एकटीनं जग फिरणाऱ्या? आम्ही तुमचे सगळे भाग बघतो."

बसताई तेव्हा बसच्या पायरीवर बटाटे सोलत होती. तिला वाटलं, बाईची काहीतरी गल्लत होतेय. तेवढ्यात शिक्षिकेनं तिच्याकडे बघून विचारलं, आणि ह्या कोण?

बहिणीनं पायरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्या होय? वाटेत भेटल्या. पुढच्या गावापर्यंत सोडतेय."

बसताई मला म्हणाली, ती ताई म्हणाली नाही, त्यापेक्षा 'ह्या' म्हणाली ते जास्त लागलं. जन्मात पहिल्यांदा ती मला अहो-जाहो करत होती. शिक्षिकेनं आपला फोन बसताईच्या हातात दिला, आमचा दोघींचा एक फोटो काढाल का म्हणून. बसताईनं हात पुसले आणि फोटो काढला. कसा काढायचा ते कळत नव्हतं, तर बहिणीनंच येऊन बटण दाखवलं.

जोडपं आपल्या गाडीकडे गेल्यावर बसताईनं एवढंच म्हटलं, दाखव मला. बहिणीनं टाळाटाळ केली. बसताई पायरीवरून हलली नाही. शेवटी तिनं फोन दिला, आणि पुढं दुपारभर बसताई ते व्हिडिओ बघत बसली.

घाट चढवणारे हात तिचे होते, डाव्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागासकट; वरून आवाज बहिणीचा, "मी आज पहिल्यांदा एवढा मोठा घाट चढवला." चिखलात टायर बदलणारे हात तिचे, आवाज, "एकट्या बाईला हे यावंच लागतं." तिचा चेहरा मात्र कुठेच नव्हता. इथवर तिनं सोसलं असतं. पण एका भागात बहीण तळ्याकडे तोंड करून स्वतःची कहाणी सांगत होती. आई लवकर गेली. मी कॉलेज सोडलं. शाळेची बस चालवली. मुलं मला बसताई म्हणायची. धाकट्या बहिणीला मीच वाढवलं, तिचं सगळं मार्गी लावलं, आणि आता कुठे मी माझ्यासाठी निघालेय.

बसताईनं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर फोन परत दिला.

बहीण रडली, पण वादही घातला. दोघी बहिणी फिरतात म्हटलं की कोणी ढुंकून बघत नाही. एकटी म्हटलं की लोक थांबतात, ऐकतात, मदत पाठवतात. अर्धं डिझेल त्यातूनच येत होतं. मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, ताई? एक बँक आणि एक मोडलेलं लग्न. तुझी गोष्ट चांगली होती."

"मग मागायचीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"तुला मी कधी नाही म्हटलंय?" बसताई म्हणाली.



मला हे सांगताना बसताई एकदाच चिडली. म्हणाली, परक्यानं लुटलं तर पोलिसांत तरी जाता येतं. हिनं केसानं गळा कापला, आणि मी तिला हात दाखव म्हटलं की हात दाखवत होते, वाक म्हटलं की वाकत होते. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

तिनं तिथं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं ऑइल बघितलं, पाणी बघितलं, आणि बहिणीला सांगितलं, मी गाडी माघारी वळवतेय. येणार असशील तर बस. बहिणीनं आपलं सामान उतरवलं. कपडे, कॅमेऱ्याची तिपाई, उशी. ते जोडपं पुढे बंदराकडे निघालं होतं, त्यांच्या गाडीत तिला जागा मिळाली. त्यांना तिनं सांगितलं की बसचं इंजिन गेलंय, घरी पाठवावी लागतेय. बसताई शेजारीच उभी होती. शिक्षिकेनं हळहळून तिला विचारलं, मग आता तुमचं कसं? बसताई म्हणाली, माझं होईल काहीतरी.

"तेव्हा तरी तू बोलायचंस," मी म्हटलं.

"त्या बिचाऱ्या बाईला काय सांगू? ती खूष होती."

परतीचा सगळा रस्ता तिनं एकटीनं चालवला. शेजारच्या सीटवर नकाशा आणि पाण्याची बाटली. पहिले काही दिवस ती सवयीनं दोन कप चहा टाकायची आणि दुसरा ओतून द्यायची. नंतर एकच टाकायला लागली. एका घाटात तिचा अंदाज चुकला आणि बस कठड्याला घासली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून गाडीला ओरखडा गेल्याचं मला आठवत नाही.

घरी आल्यावर दुसराच घाव बसला. तिच्या बसवर मुलांना चढवायला-उतरवायला एक मदतनीस बाई असायची. ती भेटायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, तुमचे हात मी पहिल्याच भागात ओळखले होते. बसताईनं विचारलं, मग मला फोन का नाही केलास?

"अहो, शाळेतले सगळे बघत होते. आम्हाला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलेलं असेल. तुम्ही तिच्यासाठी काय नाही केलंत?"

बसताईनं तिला चहा देऊन पाठवलं. नंतर मला म्हणाली, एवढी वर्षं मी असं वागले की लोकांना हेही मी होऊन दिलं असंच वाटलं.

बहीण पावसाळा सरल्यावर आली. राहायला नाही, भेटायला. दुसऱ्या गावात तिला नोकरी लागली होती; लोकांचा रस हळूहळू आटला होता आणि फिरणंही थांबलं होतं. बसताईनं तिला जेवू घातलं. वाढताना हात आखडला नाही, पण तू जेवलीस का, बारीक का दिसतेस, असलं काही विचारलंही नाही. मी त्या दिवशी तिथंच होते. उठून जायला निघाले तर बसताईनं डोळ्यांनी थांबवलं. जेवण झाल्यावर बहीण म्हणाली की तिनं ठरवलंय, एक शेवटचा व्हिडिओ करायचा आणि त्यात सगळं खरं सांगायचं. तू कोण, तू काय केलंस, गाडी कोणी चालवली. ताईनं फक्त शेजारी बसायचं.

बसताई ताटं उचलत होती. ती म्हणाली, "माझ्याबद्दल आता काही सांगू नकोस. खरंसुद्धा नको."

"मग मी भरपाई कशी करू?"

"ते मला नको विचारूस."

बहीण संध्याकाळच्या गाडीनं गेली. आता फोन येतो, घरपट्टीचं, वडिलांच्या जमिनीचं, कोणाच्या आजारपणाचं. बसताई उत्तर देते आणि ठेवते. मध्ये मी एकदा म्हटलं, झालं गेलं, लेकरासारखीच आहे ती. बसताई म्हणाली, म्हणून तर.

बस तिनं विकली नाही. यंदा उन्हाळ्यात ती पुन्हा निघाली, त्याच रस्त्यानं तळ्याच्या पुढं जायला, आणि बरोबर त्या मदतनीस बाईला घेतलं. ही बाई आयुष्यभर बसमध्ये काम करून अजून तिला बस लागते. पिशव्यांचा एक गठ्ठा आधी भरावा लागला. झोपेत ती घोरते, आणि बसताईचा ओटा तिलाही उंच पडतो. परवा तिचा मला फोन आला. बाकी सगळं छान आहे म्हणाली, डोंगर काय, हवा काय. फक्त एक अडचण आहे. नातवंडांना पाठवायला म्हणून फोटो काढायला फोन वर केला की बसताई हातातलं काम थांबवते आणि दर वेळी विचारते, कुणाला पाठवणार, आणि सोबत काय लिहिणार. मी काय लिहिणार हो, ती बाई म्हणाली, मला धड लिहितासुद्धा येत नाही. तरी विचारते.